सरपंचाचा मंत्री

गेममधल्या मंत्र्यांना हसू नका रे, माझं ऐका. शाळेची भिंत पडून खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाईचा पाय गेला, तेव्हा मी घनसावंगीजवळच्या त्या गावात सरपंचाला गाठलं. तो मोबाइलवर राज्य चालवायचा गेम खेळत होता. पडद्यावरचा दाढीवाला मंत्री सारखा बजावत होता, उत्तरेचा तट ढासळतोय.

"ऐका की त्याचं," मी म्हणालो.

"लई टोकतो हो पत्रकारसाहेब. बंदच करतो त्याला."

"ग्रामसेवकानंही शाळेच्या भिंतीबद्दल पत्रं लिहून टोकलं होतं ना?"

"मंग? बदली करून घेतली त्याची. जाफराबादला मजेत हाय."

"त्याची पत्रं दाखवा."

"फाइल सापडून न्हाई राह्यली."

तेवढ्यात तट पडला आणि राज्य बुडालं. पडद्यावर अक्षरं उमटली: मंत्र्याने तीनदा इशारा दिला होता, राजाने ऐकला नाही.

सरपंचानं बोटानं ते बाजूला सारलं आणि नवा डाव मांडला.

परवा भिंतीच्या चौकशीचा अहवाल हाती आला. कारण लिहिलंय, सोसाट्याचा वारा. मी तो कौसाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "साहेब, त्या दिवशी झाडाचं पान हलत न्हवतं."