निर्जळ ग्रहावर पाण्याची पाळी

...आणि वर मलाच विचारतात, "प्लास्टिकले गंज कसा काय लागना?" अहो, लागला नाही, लावला! मी लावला! स्पंजच्या तुकड्याने, टिपून टिपून, श्वास रोखून लावला! आणि यांनी काय केलं? रॉकेलचा बोळा घेतला आणि... जाऊ द्या. नाही, जाऊ कसं द्या? ऐकाच तुम्ही. बसा.

मी ललित. कोरीटचा. चुनीलालभाईंचा मुलगा, तो इंग्लंडला शिकायला गेलेला आणि शहाण्यासारखा तिथेच न राहिलेला. ही दुसरी ओळख गावाने दिलेली आहे. तर तिकडे मला एक नाद लागला. नाद म्हणजे तसला नव्हे हो! बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक असतात, दुसऱ्या ग्रहावरचे, पुढच्या काळातले. ते सुटे येतात, हात वेगळा, डोकं वेगळं, बंदूक वेगळी. ते तासायचे, चिकटवायचे, वाटलं तर याचा हात त्याला लावायचा, मग बारीक कुंचल्याने रंगवायचे, डोळ्यांतल्या बाहुलीसकट. मग टेबलावर एक पडकं शहर उभं करायचं, आणि दोघांनी समोरासमोर बसून, टेपने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची. खेळणी नाहीत ती! हे मी आईला सांगितलं, काकाला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. खेळणी नाहीत ती!

तिकडे लहानशा गावातही याचे क्लब असतात. आणि मी छातीवर हात ठेवून म्हटलं, आपल्या जिल्ह्यात का नसावा? तापीकाठच्या माणसाने परग्रहाची कल्पना करू नये असं कुठे लिहिलंय? सगळे ग्रह काय इंग्रजी बोलणाऱ्यांना वाटून दिलेत? म्हणून परत आलो. दोन फौजा, एक माणसांची, एक किड्यांची, बॅगेत घालून आलो. आणि मग लक्षात आलं, फौजा दोन आहेत, खेळणारा एकच आहे.

एकट्याने खेळून बघितलं, तुम्हाला सांगतो. या बाजूला बसायचं, चाल करायची, उठून त्या बाजूला जायचं, चकित व्हायचं. एकदा नियमावरून माझं माझ्याशीच भांडण झालं. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

चुलतभाऊ गोपालला बसवलं. त्याने सेनापती उचलला. त्याचा हात बदलून त्याच्या जागी मी गुरांच्या इंजेक्शनची सुई बसवली होती, तोफ म्हणून! उलटा केला, पायाखाली बघितलं आणि म्हणाला, "ललितभो, सेल कोठे टाकतंस?" आई दारातून म्हणाली, "लगीनना वयमा पोऱ्या बाहुल्या रंगाडी ऱ्हायना... सेल टाकीसन तरी काय व्हई?" खेळणी नाहीत ती!

आणि मग, अशा या वाळवंटात, नंदुरबारला हुकमीचंदशेठच्या दुकानात रंग घ्यायला गेलो. शेठ म्हणाले, "बोलो भाऊ, ग्रील आहे की दरवाजा?" मी म्हटलं, सैनिक आहेत. "किती फुटाचे?" मी खिशातून एक काढून काउंटरवर ठेवला. शेठनी चष्मा वर केला, खाली केला, आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "एक लिटरच्या खाली डबा नाही भाऊ. एवढ्यात अख्खं सैन्य बुडेल." तेवढ्यात आतून त्यांची मुलगी फाल्गुनी आली, फार्मसी शिकते, तिने तो उचलला आणि विचारलं, "याच्या चिलखतावर हा गंज कसा केला?"

गंज कसा केला!

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. मी सांगत सुटलो, आधी गडद तपकिरी, मग स्पंजने नारिंगी, मग पातळ काळा, तो खाचांत उतरू द्यायचा... मागे गिऱ्हाईक तुंबलं, शेठ खोकायला लागले. फाल्गुनी म्हणाली, "रविवारी दुकान बंद असतं. येते मी खेळायला. पण मैदान पूर्ण मांडलेलं पाहिजे हं. अर्धवट असेल तर परत जाईन, आणि परत येणार नाही."

जिल्ह्यातला पहिला खेळाडू! गेली तर संपलं! क्लब संपला, ग्रह संपला, मी पुन्हा माझ्याशी भांडत बसणार!

म्हणून शहर बांधलं. कशाचं? आमच्या शेडमध्ये एक पोतं पडलेलं होतं, जुन्या ठिबकच्या सामानाचं. नळ्या, जोड, टोप्या, एक जुना फिल्टर, एक एअर व्हॉल्व्ह. भंगारच की! मला वाटलं, टाकलेल्यातून काहीतरी घडवू. इथेच चुकलो. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर आताच हसला असाल. शेतकऱ्याच्या शेडमध्ये टाकलेलं असं काही नसतंच! ते 'ठेवलेलं' असतं! तिथे मोडका नांगरसुद्धा वाट बघत असतो! पण मी इंग्लंडला शिकलेला ना...

फिल्टरचा झाला अणुभट्टीचा मनोरा. व्हॉल्व्हचा झाला बुरूज, आतली गोळी हलत होती म्हणून फेविक्विकने पक्की करून टाकली. कापसाच्या बोंडांची वाळलेली टरफलं किड्यांच्या फौजेची अंडी झाली, आणि सगळ्यावर गंज! असा गंज, की बघणाऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं! ग्रहाचं नाव ठेवलं निर्जळ. तिथलं पाणी आटून युगं लोटलीत. बापूंनी, म्हणजे वडिलांनी, एकदा येऊन पाहिलं, म्हणाले, "पानीच नही तं इतला पाईप काबरं?" मी म्हटलं, बापू, ती एका नष्ट संस्कृतीची शोकांतिका आहे. म्हणाले, "बरं."

आणि आला रविवार. शहर मांडलं. फौजा उभ्या. आणि बापू धावत आत आले, "लाइट उनी! फिल्टर कोठे शे?"

रात्री केळीत रानडुकरं घुसली होती, शेतातला फिल्टर, व्हॉल्व्ह, नळ्या, सगळं मोडून गेली होती. नवी लावलेली केळी, वर हे ऊन, आणि शेतीची लाइट काय आपल्या सोयीने येते? नवा फिल्टर आणावा तर रविवार, दुकानं बंद! म्हणजे बघा, ज्या रविवारमुळे फाल्गुनी येणार, त्याच रविवारमुळे माझं शहर जाणार! मी आडवा पडलो. म्हटलं, बापू, फक्त संध्याकाळपर्यंत! बापू म्हणाले, "केळी संध्याकाळलोंग थांबाव नही," आणि मनोरा उचलला. बुरूज उचलला. नळ्या ओढल्या, तर निम्मी अंडी त्यांच्याबरोबर गेली. ग्रहावर उल्का पडली असती तरी इतकं उजाड झालं नसतं!

बाहेर स्कूटी थांबली. फाल्गुनी. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "शहर कुठे आहे?"

"...शेतात."

मला वाटलं, गेली. पण ती म्हणाली, "मग फौज घ्या. शेतात चला."

शेतात ही गर्दी! मधोमध माझी अणुभट्टी पाइपलाइनला जोडलेली, आणि शेजारचे नवलसिंगबाबा तिच्यावर नख घासत होते. "चुनीलालभो, हाई प्लास्टिक शे ना? मंग प्लास्टिकले गंज कसा काय लागना?" दुसरा म्हणाला, "भेसळ शे! कंपनीवाला लोखंडना चुरा मिसाडतस!" तिसरा तर कंपनीला फोन लावायला निघाला. आणि बापूंनी, घराण्याची अब्रू चालली म्हणून, रॉकेलचा बोळा घेतला आणि माझा गंज खसाखसा पुसायला लागले! मी ओरडलो, खरा नाहीये तो! रंग आहे! तर नवलसिंगबाबा म्हणतात, "चांगला सामानले गंजना रंग कोन लाई रे पोऱ्या?" माझ्या कलेची याहून मोठी पावती नाही, आणि ती पावती रॉकेलने पुसून चाललीय!

फाल्गुनीने मात्र ओढणी खोचली आणि केळीच्या ओळीत किड्यांची फौज मांडायला घेतली. किडे बघताच गर्दी पुढे सरकून वाकली. मग गोपाल ओरडला, "बोंडअळी!" झालं! अख्खा गाव माझ्या बाजूने! "ललित, मार! फवारा मार!" जन्मात पहिल्यांदा मला प्रेक्षक होते हो! मी फासे टाकले, सहा! माझा सेनापती सुईची तोफ रोखून पुढे सरकला...

आणि बापूंनी मोटार चालू केली.

तो व्हॉल्व्ह आठवतो? हवा बाहेर सोडायचा? फेविक्विकवाला? हवा कोंडली, पाणी मागून आलं, आणि अणुभट्टीचं झाकण जे उडालं म्हणता! धबाधबा! निर्जळ ग्रहावर महापूर! माझे सैनिक पाटातून तरंगत नवलसिंगबाबांच्या वांग्यात गेले. फाल्गुनीचे किडे? ते लोखंडी वायसरवर बसवलेले होते. मीच बसवले होते! जागचे हलले नाहीत!

मी म्हटलं, हे नियमात नाही! ती म्हणाली, "पाण्याबद्दल नियमच नाही. माझीच चाल धरा." आणि चिखलातून माझा सेनापती शोधून, पुसून, हातात देत म्हणाली, "पुढच्या रविवारी परत येते. मैदान तेवढं मांडून ठेवा."

येणार होती! परत येणार होती! बापूंनी तोवर व्हॉल्व्ह उपटून तिथे टोपी बसवली होती, झाकण आवळलं होतं, आणि केळीच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी पडायला लागलं होतं. मी चिखलातून धावत गेलो, हात जोडले, म्हटलं, बापू, नवा फिल्टर मी आणतो, माझं शहर मला परत द्या. बापू त्या थेंबांकडे बघत राहिले. नवलसिंगबाबा म्हणाले, "देई टाक ना चुनीलालभो, पोरगानं खेळनंच शे ते."

आणि तुम्हाला सांगतो, बापू ताठ झाले. सगळ्या गावासमोर, माझ्या बापाने, पहिल्यांदा, ठणकावून सांगितलं, "खेळनं नही शे ते!"

मी पाया पडायला वाकलोच होतो...

"ठिबकनं सामान शे."