पाय धुवायचं पाणी

— नको म्हणता? बरं, नको तर नको. हुनिद, ते पाणी चुलीपाशीच ठेव, सरदारांना पाय नाही धुवायचे. बूट काढले की इज्जत जाते ना त्यांची! — नाही नाही, बसा की, पाऊस ओसरेपर्यंत बसा, ताक घ्या. विष नाही त्यात, पाहुण्याला दगा द्यायचा तो तुमच्या गढीवर, आमच्यात नाही. टेकडीवरचं कुरण उद्यापासून गढीच्या मालकाचं — एवढा निरोप सांगायचा होता, सांगितलात. झालं. — आणि आमची भाषा कळत नाही असं दाखवू नका, तुमची आई आमच्या वेल्श मुलखातली, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी आपला मीठ विकणारा माणूस, हा इदवाल. तुम्ही नॉर्मन लोक हिवाळ्यात जे डुक्कर खाता ना, ते माझ्याच मिठात मुरलेलं. पहिल्यांदा गढीवर गेलो तर तुमचा मालक मला विचारतो, इथला राजा कोण? म्हटलं, कुठल्या दरीतला? काय हसला! बाप मेला की जमीन सगळ्या पोरांत वाटतात म्हणे, वेडे लोक! — वेडे तर वेडे. भावाभावांची जुंपली आणि तेवढ्यात तुम्ही मातीचा ढीग रचून वर गढी ठोकलीत. हुशार हो, हुशार. धंद्यात असतात तर मला विकून खाल्लं असतं.

माझा भाऊ कादवगान मात्र हुशार नव्हता. समेटाचं जेवण आहे म्हणून बोलावलंत, आला. तलवार दारात टांगली, आमच्याकडे टांगतात तशी. भाकरी मोडायच्या आत दार बंद, आणि आतच कापलात त्याला. — ते दार कुणी लावलं हो? बोला की! — राहू दे, ताक प्या.

आईनं भाषा शिकवली, रीत नाही शिकवली वाटतं. आमच्यात आल्यागेल्याला पाणी द्यायचं. त्यानं पाय धुतले की तो मुक्कामाला राहिला, या छपराचा झाला, मग त्याच्या केसाला धक्का लागला तर घरधन्याचं तोंड काळं. नाही धुतले, तर तो वाटसरू. त्याचं त्यानं बघावं. मी पाणी दिलं की नाही? दिलं. हुनिदच्या, माझ्या बायकोच्या देखत दिलं. तुम्ही नाही म्हणालात — मग माझ्याकडे काय बोट? आता जाल, नदीला पाणी चढलंय, उतारापाशी घोडा हळू घालावा लागेल, झाडी दाट, आणि तिथं माझी दोघं पोरं सकाळपासून भाले घेऊन —

— मासे मारायला. मासे मारायला बसलीत.

काय करताय? बुटाचे बंद कशाला सोडताय? अहो, पाऊस थांबला, उजेड आहे, निघा! मी आपलं बोलण्याच्या भरात — तो पाय बाहेर काढा! काढा म्हणतो ना! गार झालंय ते पाणी —

हुनिद, माझ्याकडे काय बघतेस. बुडवला त्यानं पाय, दिसलं मला. घाल, ऊन पाणी घाल त्यात. मग नदीवर जा, पोरांना घरी बोलाव. सांग, बापाच्या घरी पाहुणा आहे. कादवगानचं नाव काढलं तर सांग — काही सांगू नकोस. जा तू.

द्या, दुसरा पाय द्या इकडे. — आभार मानू नका. तोंड उघडू नका. सकाळ होईपर्यंत या घरात एक अक्षर बोलायचं नाही.