कोरड्या सूटचा पाचवा पाईप

त्या सोमवारी अण्णा धरणात उतरला. वर आला नाही. कमरेच्या दोरीनं त्याला ओढून काढला. त्याच्या सिलिंडरवरचा एक पाईप सकाळी मी काढला होता.

आम्ही हळ्ळीखेडचे. घरात कन्नड, गल्लीत मराठी, असं वाढलो. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मला तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. मी शिकून बीदरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. तो शाळा सोडून गोव्याला गेला, पाण्याखाली उतरायचं शिकला आणि येताना जुनं सामान विकत घेऊन आला. आमच्याकडं समुद्र कुठला, पण विहिरी आहेत, लाल दगडाच्या खाणी आहेत, धरण आहे, आणि माणसं बुडतात. कुणी बुडालं की अण्णाला फोन यायचा, आणि मी रजा टाकून सोबत जायचो, कारण सामानाचं पुस्तक मी वाचलेलं. अण्णा हसायचा, तू पुस्तक वाचायलास, मी पाणी वाचतो म्हणायचा.

हे पाईपचं कसं असतं, सांगतो तुम्हाला. सिलिंडरच्या तोंडावर एक पितळी गड्डा बसतो, त्यातून पाईप निघतात. एक तोंडाला, एक जादा, सोबत्याला लागला तर, एक जाकिटाला, एक हवा किती राहिली ते दाखवणाऱ्या काट्याला. खाणीत गावाचं घाण पाणी येतं, तिथं अण्णा कोरडा सूट घालायचा, आत थेंब जात नाही असा. पण खोल गेलं की पाणी तो सूट अंगावर आवळतं, म्हणून त्यात हवा सोडायला पाचवा पाईप छातीवर जोडावा लागतो. धरणाचं पाणी चांगलं, तिथं आत पाणी येणारा ओला सूट चालतो, आणि मग पाचवा पाईप काढायचा, कारण तसाच ठेवला तर लोंबतो, कशात तरी अडकतो. काढला की त्या भोकात बूच बसवायचं, आणि बुचाला रबरी रिंग हवीच. रिंग नसली तर हवा तिथून निघून जाते.

आदल्या दिवशी खाण झाली होती. त्या दिवशी धरण. बुडालेल्या पोराची आई काठावर बसलेली. अण्णा म्हणाला, तम्मा, कामून वेळ लावायलास, ती बाई बघायलीय. मी जमखान्यावर सगळं मांडून पाईप काढला, बूच बसवलं, पाना फिरवला. हवा सोडल्यावर कान लावून ऐकायचं असतं. शेजारी पंप चालू होता. मला काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी मी चष्म्याची जुनी डबी उघडली. बूच मोकळं असलं की मी तिच्यात ठेवायचो, जादा रिंग तिच्यात नसायची. आत एक रबरी रिंग होती.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं होतं. पण हवा संपली की हृदय बंद पडणारच की, असं मी मनात म्हणायचो. सामान ठाण्यात सील झालेलं, बघायचं कसं. काय सांगू तुम्हाला, वर्षभर मी वैनीच्या हातचं जेवलो आणि तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

सामान सुटून आलं तेही मी पोत्यातच ठेवलं. महिना गेला. वैनी म्हणाली, भावजी, त्या पोत्यात साप हाय का, उघडंना कामून झालाय तुमी? मग मी तिला सांगितलं, पंपाचं, रिंगचं, सगळं. तिनं पोतं ओढलं, गाठ सोडली, आणि म्हणाली, मी बसते हितं, बघा तुमी.

सिलिंडर काठावर कुणीतरी बंद केलेला, तो मी आधी उघडला. काटा अर्ध्याच्या वर गेला. हवा होती. कान लावला, कुठूनही आवाज नाही. मग सिलिंडर बंद करून पाईपमधली हवा सोडली, बूच काढलं. रिंग आपल्या खाचेत बसलेली होती. मग डबीतली कुठली? पाचवा पाईप वर्षभर घरातच खुंटीला होता, मी त्याला हात लावला नव्हता. वैनीनं तो आणून दिला. त्याच्या टोकाची खाच रिकामी होती. पाईपलाही स्वतःची रिंग असते, काढताना तीच निसटून डबीत पडली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, दोनदा वाचलेलं, आणि वर्षभर आठवलं नाही.

वैनी रडली. मग म्हणाली, येडे का खुळे हो तुमी, तुमच्या वडलांचं, अप्पांचंबी काळीज असंच बंद पडलं न्हाई का, बाजेवर बसल्या बसल्या? एवढं शिकलाव आणि एक बोलायचं कळंना? मी म्हटलं, व्हय वैनी, न्हाई कळलं. आणि मला असा श्वास आला, जसा वर्षभर आला नव्हता.

सामान मी कलबुर्गीकडच्या दोघा पाणबुड्यांना देऊन टाकलं. देताना पाचवा पाईप काढून, बूच लावून, परत बसवून दाखवला, तीनदा. एक जण म्हणाला, बस करा की सर, आता झोपेतबी बसवू आम्ही. मी चौथ्यांदा दाखवला. देव त्यांना सांभाळो.

वैनी शिवणाचे क्लास घेते. मी ग्रंथालयात जातो. अण्णा नाही. त्याचं दुःख आहे, आणि आता नुसतं दुःखच आहे.