आवा पेटला होता तवा बेलीफ आला

माहं माहेर ढानकीचं. कुंभाराची पोर मी, कुंभाराच्याच घरी देल्ली. शाळा काही पाह्यली नाही. लग्नात किती वर्साची होती ते मायले मालूम होतं, अन् माय तर कवाचीच गेली. बोरीले आली तवा सासू म्हने, पोरी, अठी दोन गोष्टी शिक, माती चाळनं अन् तोंड बंद ठेवनं. माती चाळनं शिकली मी.

तर आमचं घर, चाक, मडके भाजाचा आवा, सारं ज्या जागेवर, ते जागा होती वाड्यावरच्या भाऊसाहेबाची, गावच्या जमीनदाराची. त्याच्या आज्यानं माह्या आजेसासऱ्याले बोलावून बसवलं होतं, का गावात कुंभार पाह्यजे. कागद ना पत्तर, सारं जबानीचं काम. मंग आपला मुलूख मुंबई राज्यात गेला ना, त्याच्याच मांगंपुढं भाऊसाहेबाले तठी कापसाचं गोदाम बांधाचं सुचलं. लावला दावा दारव्ह्याले. कोर्टाचा कागद आला. आता आमच्या घरात वाचनारं कोन? काय सांगू तुमाले, माह्या घरच्यानं, नवऱ्यानं, काय केलं, तो कागद घेऊन भाऊसाहेबाकडेच गेला! सारं गाव त्याच्याकडूनच कागद वाचून घे, सवयच तशी. तो म्हने, काही नाही रे, मोजनीचा कागद हाय, ठेव घरात. ठेवला. तारखेले आमी गेलोच नाही, अन् निकाल लागला, जागा खाली करा.

तो निकालाचा कागद आला तवा म्या म्हटलं, आता तरी दुसऱ्याले दाखवा. शाळेच्या मास्तरनं वाचला, डोकशाले हातच लावला त्यानं. मंग यवतमाळले वकील पाह्यला, अपील केली. वकील म्हने, स्टे भेटन, पन कागद हाती येईलोक जागा सोडू नोका, एकडाव कब्जा गेला का मंग लय मुश्कील.

माहा घरचा यवतमाळले स्टे आनाले गेलता, अन् इकडे कोर्टाचा बेलीफ आला. लगनसराईचे दिवस, पहाटीच आवा पेटवलेला, म्या अन् सासूनं. बेलीफ म्हनजे दारव्ह्याचा मुसलमान बुढा, काखेत छत्री, तोंडात पान. संग दोन चपराशी अन् भाऊसाहेबाचा दिवानजी. म्हने, कब्जा वारंट हाय, बेटी, सामान बाहेर काढ. म्या म्हटलं, चाचा, स्टे येऊन राह्यला. म्हने, दाखव. म्या म्हटलं, घरचा घेऊन येते ना. म्हने, रस्त्यावरचा कागद कोर्टात नाही चालत, बेटी.

गोधड्या काढल्या, भांडे काढले, चुल्यावरची भाजी बी बाहेर. सासू उंबऱ्यात बसली ते उठेच ना, म्हने, मले बी सामानात लिहा. मले रडू नाही आलं, मी आव्यापुढं जाऊन उभी राह्यली. मंग दिवानजी म्हने, त्या आव्यावर पानी टाका, इझवा.

म्या म्हटलं, टाका, पन आंधी इचारा का आत कोनाचं हाय.

आता आमच्याकडे लग्नाची रीत अशी, का बाया वाजत-गाजत कुंभाराच्या घरी येतेत, चाकाले हळद-कुकू लावतेत, अन् तठचेच मडके मांडवात मांडतेत. ज्या घरचा जो कुंभार त्याच्याचकडचे, दुसऱ्या गावचे चालत नाही. अन् ते मडके आव्यात फुटले तर मोठा अपशकुन. त्या आव्यात भाऊसाहेबाच्याच पोरीचे मडके होते. पोरीच्या मायनं, बाईसाहेबानं, सोता येऊन सांगतलं होतं. बायाच्या कामातलं दिवानजीले काय मालूम? त्याचं तोंड असं उतरलं, पळतच गेला वाड्याकडे.

बाईसाहेब आल्या ना मंग! भर उन्हात, पायात चप्पल नाही. म्हने, दिवानजी, माह्या पोरीचा मांडव मोडता का? तुमचं गोदाम गेलं खड्ड्यात, आंधी मडके निघू द्या. दिवानजी म्हने, पन भाऊसाहेब... बाईसाहेब म्हने, भाऊसाहेबाले मी पाह्यतो. चाचानं पट्कन कागद पुढं केला, म्हने, मंग लिहून द्या, आज कब्जा घेत नाही. दिवानजीनं देल्ला लिहून.

जाता जाता चाचा मले पुसते, हा आवा थंडा व्हाले किती दिवस लागते? म्या म्हटलं, तीन. म्हने, मी रिपोर्टात चार लिहितो.

तिसऱ्या दिवशी स्टे घेऊन घरचा आला. मी गोधडीवर पडली ते दुसऱ्या दिवशीच उठली. पुढं अपिलाच्या तारखा लय झाल्या, पन गाव आमच्याकडून साक्षीले उभं राह्यलं, जागा आमचीच राह्यली. अन् त्या पोरीचे मडके? एक बी तडकलं नाही. तिचा काय गुन्हा होता, बाप्पा?

आता घरचा बी नाही, सासू बी नाही. पोरं नोकरीले लागले, सून म्हनते फरशी बसवू, म्या म्हटलं बसव. मले कोनाचा भेव नाही आता. अठून मले काढतीन ते माहे नातूच, खांद्यावर, तेई माही येळ आल्यावर. तुमी सुखी राहा, बाई. बसा, चहा ठेवला सुनेनं.