चुन्याचा पट्टा

पक्षी बघायला चल म्हणून मला परत गळ घालू नका. त्र्याण्णव सालची गोष्ट. उत्तरेला परत निघालेले हळद्या पक्षी मार्चमध्ये मल्लेश्वरमच्या बागेत एकाच झाडावर उतरायचे. नव्या लोकांना ते झाड सापडायचं नाही, म्हणून मीच बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढला.

रविवारी सगळ्यांना घेऊन गेलो, तर झाड आडवं!

मी मजुरावर खेकसलो, "अण्णा, हिरवंगार झाड का पाडलंस?"

"पट्टा असेल ते पाड, असं साहेब बोलले, सार."

"आणि शेजारचं हे वाळलेलं?"

"त्याला पट्टा मारायला साहेब अजून आलेच नाहीत."

सोबतच्या बाईंनी विचारलं, "मग ह्याला पट्टा मारला कुणी?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती काही केल्या खाली घेववेना.