ऐच्छिक गणित आणि आमचा शंभर टक्के निकाल

आजच्या सभेचे अध्यक्ष, शाळा समितीचे प्रमुख तिलविक्रम दाजू, मुख्याध्यापक फणींद्र सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार.

गळ्यात निरोपाचे इतके खादा-शेले पडलेत की मान वळत नाही. आत्ता चार वक्ते म्हणाले, "देविका मिसच्या वर्गाचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के!" खरं आहे. पण तो कसा लागत होता, हे कुणी विचारलं का? जाता जाता मीच सांगते.

नववीत ऐच्छिक विषय निवडायचा, गणित किंवा अर्थशास्त्र. तेवीस वर्षांपूर्वी मी बाकाबाकाशी जाऊन मुलींना अर्थशास्त्रच लिहायला लावत असे. गणितात एखादी आपटली तर निकाल खाली येणार ना! सुनमाया लिंबू म्हणाली, "मिस, मला इंजिनियर व्हायचंय. तमोरवर पूल बांधायचाय." मी म्हटलं, "अगं, आधी चांगले मार्क तर मिळव. कॉलेजात घे की हवं ते." तिनं माझ्यादेखत गणित खोडलं.

दहावीला ती जिल्ह्यात पहिली आली. वेलदोड्याची तोडणी टाकून वडील तिला धरानच्या कॉलेजात प्रवेशासाठी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी दोघं शाळेत परत.

"मिस, ऐच्छिक गणित नाही तर विज्ञानाचा फॉर्मच देत नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आणि तिचे वडील काय म्हणाले? "असं कसं, मिसना माहीत असणारच. त्या कॉलेजवाल्यांचंच काहीतरी चुकलंय."

मी तशीच तिला घेऊन बसमध्ये बसले. कॉलेजच्या भिंतीवर नियम रंगवलेला होता, हातभर अक्षरांत. "हा कधीपासून?" मी विचारलं. कारकून म्हणाला, "मी नोकरीला लागलो तेव्हाही होता, बाई." मी हादरले. मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

सुनमाया म्हणाली, "मी पुन्हा नववीत बसते." वडील खाली बघत राहिले. "दोन वर्षं, बाळ? मागे तिघं आहेत."

ती वाणिज्य शाखेला गेली. आज आपली सहकारी संस्था तीच चालवते. पूल दुसऱ्यांनी बांधला.

पुढच्या वर्षी फॉर्म भरण्याआधी मी कॉलेजांना पत्रं लिहिली, पालकांना बोलावलं, ज्यांना हवं त्यांना गणित घेऊ दिलं. त्या तुकडीचा निकाल बहात्तर टक्क्यांवर आला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला काय काय ऐकवलं, ते या व्यासपीठावरून न सांगितलेलंच बरं.

आज सकाळी सुनमाया लेकीला घेऊन भेटायला आली. लेक नववीत आहे. मी विचारलं, "कुठला विषय घेतेस गं?" सुनमायाच म्हणाली, "तिचं ती ठरवेल, मिस. मी मात्र आधी धरानला स्वतः जाऊन विचारून आलेय." हसूनच म्हणाली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कमीजास्त झालं असेल, ते उदार मनानं पोटात घाला. त्या फॉर्मवर जे झालं, ते मात्र कुणी पोटात घालू नका. सुनमाया, तिसऱ्या रांगेत बसली आहेस ना? माझं चुकलं, बाळ. मला माफ कर.