खालच्या ओळीत कोण

नाय वहिनी, चहा नको, बसतो कुठे मी — हां, बसतो, दोन मिनिटं. तुम्ही बटणं लावा, शर्टांचा गठ्ठा संध्याकाळी न्यायला येतात ना? मी बोलतो, तुम्ही नुसतं ऐका. दार लोटू का जरा? — नको, राहू दे, लोक म्हणतील लवू दार लावून काय बोलतोय भाऊरावांच्या बायकोशी. उघडंच बरं. तर मी काय म्हणत होतो — अर्ज. हा बघा. रहिवासी संघाची निवडणूक रविवारी, अर्ज आज पाचपर्यंत शाळेत द्यायचा, आणि आपल्याकडे एकट्याला उभं राहता येत नाही, जोडीनंच राहायचं, वरच्या ओळीत अध्यक्ष, खालच्या ओळीत उपाध्यक्ष, लोक मत देतात ते जोडीला. भाऊराव गेले, मी उपाध्यक्ष होतो म्हणून अकरा महिने त्यांच्या खुर्चीत मी. सगळे म्हणतात वरची ओळ लवूचीच. मग खालच्या ओळीत कोण? आठ दिवस झाले, हाच हिशेब करतोय.

अनंताला घे, म्हणतात. म्हणतात म्हणजे कोण — चंद्रप्रकाश म्हणतो. आणि बिल्डरचा माणूस म्हणतो म्हणजे बिल्डरच म्हणतो, ते तुम्हाला काय सांगायचं. अनंता पोरगा वाईट नाही, बोलायला झकास, कॅरम क्लब त्याच्या हातात, पण वरच्या ओळीत उभा राहिला तर त्याच्या आईचंही मत पडायचं नाही, म्हणून वर मी पाहिजे. निवडून यायचं माझ्या नावावर, आणि मग? मग त्यांना पाहिजे संमतीच्या कागदावर अध्यक्षाची सही. ती मिळाली की दिंडोशीची ही टेकडी मोकळी, दोनशे घरं, तुमचं माझं धरून. मी सही केलेली नाही. शूर म्हणून नाही हो — आज शिक्का सापडत नाही, उद्या कमिटी जमली नाही, असे दिवस ढकललेत. भाऊराव तोंडावर नाही म्हणायचे. आपल्यात कुठली ती धमक. आणि मी माघार घेतली तर? तर दुसरं कुणी बुजगावणं वर बसवतील, अनंता खाली, आणि महिन्याभरात बुलडोझर. म्हणजे उभं राहायलाच पाहिजे. काल अनंता नळावर भेटला, हसत सांगत होता, चंद्रप्रकाशनं त्याला विचारलं म्हणे — अध्यक्षाला काही झालं तर सही उपाध्यक्षाची चालते ना रे? हसत सांगितलं त्यानं, त्याला काय कळतंय. मी रिकामी बादली घेऊन घरी आलो. माका भ्या वाटता, वहिनी. घरात सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

धोंडिरामचा विचार केला नाही असं नाही. केला. धोंडिराम खाली असला तर मला कोण हात लावणार? मी गेलो की तो वर येणार, आणि त्याला ते माझ्यापेक्षा दसपट टरकून असतात, साइटच्या पाटीला चपलांचा हार घातला त्यानं भर दुपारी. खालचा माणूस असाच पाहिजे, की वरच्याला त्यांनीच जपावं. बरोबर आहे ना? पण त्याच्याकडे जाववत नाही. समोर आला की नमस्कार नाही, काही नाही, एकच विचारतो — लवू, त्या सकाळी भाऊराव खाणीच्या वाटेनं जाणार हे तुला माहीत होतं का? दर वेळी. म्हणून म्हटलं, वहिनी. तुम्ही खाली या. नुसती सही, बाकी धावपळ माझी. मला काही झालं तर अध्यक्ष कोण — तुम्ही. भाऊरावांची बायको. त्यांना परवडेल ते? परत एकदा कोणाला खाणीत — नाही, म्हणजे, पाय घसरला, पंचनाम्यात तेच लिहिलंय, मी कुठे वेगळं म्हणतोय.

तुम्ही म्हणाल, चंद्रप्रकाशच्या एवढ्याशा प्रश्नाला घाबरलास? एवढासा नाही तो. शब्दाला शब्द तोच आहे, काही झालं तर सही उपाध्यक्षाची चालते ना — भाऊराव गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्या ओट्यावर बसून पान चघळत मला विचारला तेव्हा मी —

सुई का थांबवलीत?

चालते, म्हटलं मी. वर नियमांची वही आणून दाखवली. कलम नऊ, माझ्याच अक्षरात. मीच घातलेलं ते, मिलच्या युनियनच्या नियमांत वाचलं होतं, म्हटलं आपल्याही संघात असावं, बरं दिसतं. कौतुकानं दाखवलं हो. तो म्हणाला, अक्षर सुंदर आहे तुझं. मागाहून माझ्या डोक्यात प्रकाश — नाही, मागाहून नाही. तो उठला तेव्हाच कळलं. दिवेलागणीला तुमच्या दारावरून दोनदा गेलो मी. दार उघडं होतं. आत भाऊराव खोकले. म्हटलं, मी आपला वेडा, असं कोण करतं का. आणि खरं सांगू — म्हटलं, मी भाऊरावांना सावध केलं हे त्या लोकांना कळलं तर? घरी गेलो. जेवलो.

अर्ज घेताय? घ्या, घ्या, वाचा. वरची ओळ कोरी आहे हो, माझं नाव मीच लिहिलेलं नाही अजून. हे पेन. तुम्ही खाली नाव लिहिलंत की मी — खाली, वहिनी. ती वरची ओळ. अध्यक्षाची आहे ती. राधा भाऊ... शाईनं लिहिताय, खोडता येणार नाही. बरं. वर तुम्ही. चालेल, तेही चालेल, मग खाली मी, मागच्या वेळेसारखा — कोणाचं लिहिताय? धोंडि...

हं. तो येईल. तुम्ही बोलावलंत तर उठून येईल. खालचा असाच पाहिजे, आत्ता मीच म्हटलं.

म्हणजे माझं नाव कुठेच नाही. म्हणजे मला आता कोण काय करणार? सुटलो मी. सुटलोच ना, वहिनी? धोंडिरामनं परत विचारलं तर — त्याला तुम्ही सांगाल? की मीच सांगायचं? शिवी द्या पाहिजे तर. अकरा महिने मी याच गल्लीतून जातोय, खाली बघून.

जातो. पेन राहू दे तुमच्याकडे. दाराकडे हात कशाला करताय, दिसतंय मला, उघडंच आहे ते. त्या दिवशीही होतं.